फुप्फुसाच्या कर्करोगात केमो आणि रेडिएशन एकत्र : डोस आणि दुष्परिणामांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः तिसऱ्या टप्प्यातल्या, ऑपरेशन शक्य नसलेल्या नॉन-स्मॉल सेल या जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. स्मॉल सेल या दुसऱ्या, वेगाने वाढणाऱ्या प्रकारात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. आकडे मुद्दाम दिले आहेत. फाइलमध्ये ते लिहिलेले असतात, पण घरी गेल्यावर त्यांचा अर्थ सांगायला कोणी नसतं. तुमच्या फाइलमधला आकडा वेगळा दिसला तर घाबरू नका, त्याचं कारण तुमच्या डॉक्टरांना विचारा.

केमो आणि रेडिएशन एकदमच कशाला? एक संपलं की दुसरं दिलं तर त्रास कमी होणार नाही का?

त्रास कमी होईल, पण फायदाही कमी होईल. अमेरिकेतल्या आरटीओजी ९४१० या चाचणीत ६१० रुग्ण होते. आधी केमो आणि मग रेडिएशन घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांपर्यंत हयात होते. दोन्ही पहिल्या दिवसापासून एकत्र घेतलेल्यांत हाच काळ १७ महिने होता. पाच वर्षांनी हयात असणारे १० टक्के विरुद्ध १६ टक्के. हे आकडे जुने आहेत, आजचे बरेच चांगले आहेत. पण एकत्र देण्याची पद्धत रुळली ती अशा चाचण्यांमुळे.

त्याची किंमत अन्ननलिका मोजते. अनेक चाचण्या एकत्र करून २०१० साली केलेल्या विश्लेषणात अन्ननलिकेचा तीव्र दाह ४ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेलेला दिसला. म्हणून आम्ही आधी रुग्ण किती हिंडता-फिरता आहे, वजन किती उतरलं आहे, फुंकर मारायच्या तपासणीत फुप्फुसाची ताकद किती दिसते, किडनी कशी आहे, हे बघतो. ज्यांना एकत्र झेपणार नाही त्यांना एकामागून एक देतात. त्यात कमीपणा काही नाही. अर्ध्यावर सोडलेल्या जोरदार उपचारापेक्षा पूर्ण झालेला सौम्य उपचार केव्हाही बरा.

६० ग्रे म्हणजे नेमकं किती?

एक किलो पेशींमध्ये एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की तो एक ग्रे. लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं नाव या एककाला दिलेलं आहे. नेहमीचा डोस रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, एकूण ३० वेळा. म्हणजे सहा आठवडे.

बरेच जण याला ‘शेक’ म्हणतात आणि मग विचारतात, चटका बसेल का? ६० ग्रेची सगळी ऊर्जा एकदम दिली तरी त्या जागेचं तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकं, फार तर त्याच्या दीडपट वाढेल. टेबलावर झोपल्यावर काहीच जाणवत नाही ते यामुळे. काम उष्णतेने होत नाही, पेशीच्या डीएनएचे धागे तुटल्याने होतं. निरोगी पेशी दोन डोसांमधल्या वेळात ही तूट बऱ्यापैकी सांधतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितकं जमत नाही. रोज थोडं थोडं देण्यामागे हा हिशोब आहे.

मग ६० वर का थांबायचं? जास्त दिलं तर गाठ लवकर मरेल ना?

हा प्रश्न जगभरातल्या डॉक्टरांनाही पडला होता, आणि बहुतेकांना उत्तर ‘हो’ येईल असं वाटत होतं. छोट्या अभ्यासांमध्ये ७४ ग्रे चांगलं वाटत होतं. मग आरटीओजी ०६१७ ही मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली छापून आले आणि सगळे चकित झाले. ६० ग्रे घेतलेल्यांचा हयातीचा मध्य काळ (निम्मे रुग्ण जिथपर्यंत हयात होते तो) २८.७ महिने आला, तर ७४ ग्रे घेतलेल्यांचा २०.३ महिने. जास्त डोस घेतलेले आधी गेले. गाठ आटोक्यात राहण्यातही ७४ ग्रेचा फायदा दिसला नाही. अन्ननलिकेचा गंभीर दाह मात्र ७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेला.

असं का झालं यावर अजून चर्चा चालते. हृदयाला मिळालेली मात्रा हे त्यातलं महत्त्वाचं कारण मानलं जातं. त्याच चाचणीत हृदयाच्या जितक्या जास्त भागाला मोठी मात्रा गेली, तितकी हयात कमी असा संबंध दिसला. शिवाय ७४ ग्रेला सहाऐवजी साडेसात आठवडे लागतात.

म्हणून आजही ६० ग्रे हाच पाया आहे, काही केंद्रं ६६ पर्यंत जातात. ‘दुसऱ्या हॉस्पिटलात जास्त डोस देतात’ हे ऐकून तिकडे धावू नका. छातीच्या पिंजऱ्यात गाठीला एकटीला गाठता येत नाही. तिच्या शेजारी हृदय, अन्ननलिका, मज्जारज्जू आणि उरलेलं निरोगी फुप्फुस असतं, आणि डोस ठरतो तो या सगळ्यांना मिळून काय सोसेल त्यावर.

बाबांच्या शेजारच्या पेशंटला फक्त ४५ ग्रे सांगितलंय, आणखी एकाला तीन दिवसांत ५४. असा फरक का?

नुसते ग्रे शेजारी ठेवून तुलना होत नाही. एका वेळी किती दिलं, हे तितकंच महत्त्वाचं. त्यासाठी बीईडी नावाचा हिशोब करतात. २ ग्रे ३० वेळा दिले तर गाठीवरचा जैविक परिणाम ७२ च्या आसपास येतो. १८ ग्रे तीनच वेळा दिले तर एकूण ५४, पण परिणाम १५१ च्या घरात. तो उपचार लहान, सुट्या, लिम्फ गाठींत न पसरलेल्या गाठीसाठी असतो. मध्यभागी, श्वासनलिकेला चिकटलेल्या मोठ्या गाठीवर तेच केलं तर जिवावर बेतेल.

४५ ग्रेवाले बहुधा स्मॉल सेलचे रुग्ण. त्यात १.५ ग्रे दिवसातून दोनदा, तीन आठवडे देतात. ही गाठ फार वेगाने वाढते, तिला उसंत मिळू द्यायची नसते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५ ग्रे पाच आठवड्यांत घेतलेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. तेवढेच ग्रे तीन आठवड्यांत घेतलेल्यांपैकी २६ टक्के. मात्र दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर लागतं, म्हणजे रुग्णाचा आणि सोबतच्याचा अख्खा दिवस हॉस्पिटलात जातो. बाहेरगावच्या माणसाला हे जमत नसेल तर रोज एकदा, ३३ वेळा, एकूण ६६ ग्रे हा पर्याय आहे. युरोप आणि कॅनडातल्या कन्व्हर्ट चाचणीत दोन्ही पद्धतींच्या निकालांत लक्षणीय फरक आढळला नाही.

दोन किंवा पाच दिवसांचा उपचार सांगितला असेल तर तो सहसा दुखणं, रक्ताची थुंकी, धाप कमी करण्यासाठी असतो. तिथे हेतूच वेगळा आहे, आणि तो काय आहे हे डॉक्टरांना थेट विचारायला संकोच करू नका.

प्लॅनच्या कागदावर ‘व्ही-२०’ लिहिलंय. ते काय?

दोन्ही फुप्फुसांच्या एकूण आकारमानापैकी किती टक्के भागाला २० ग्रे किंवा जास्त मात्रा जाणार, तो आकडा. तो ३५ च्या खाली आणि फुप्फुसाची सरासरी मात्रा २० ग्रेच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. मज्जारज्जूची मर्यादा ४५ ते ५० ग्रे. ती मात्र सहसा ओलांडत नाहीत, कारण तिथली इजा भरून येत नाही.

पहिल्या दिवशी शरीराचा साचा घेणाऱ्या गादीवर हात वर करून झोपवतात, छातीवर ठिपके काढतात, श्वासाबरोबर गाठ किती हलते हे बघायला खास सीटी स्कॅन करतात. मग आठवडाभर ‘काहीच होत नाही’ असं घरच्यांना वाटतं. त्या आठवड्यात डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ प्रत्येक स्लाइसवर गाठ आणि अवयव आखत असतात, प्लॅन करून मोडून पुन्हा करत असतात. या कामात घाई करायला लावू नका.

आयएमआरटीच घ्यायला हवं का? की साधं चालेल?

मोठी गाठ, मध्यभागातल्या लिम्फ गाठी, हृदयाजवळचा भाग असेल तर आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून गाठीच्या आकाराला जुळवणारी पद्धत, घ्यावं, असं माझं मत. ०६१७ चाचणीत आयएमआरटी घेतलेल्यांत फुप्फुसाचा गंभीर दाह ३.५ टक्के होता, जुन्या त्रिमित पद्धतीत ७.९ टक्के. विशेष म्हणजे आयएमआरटीवाल्यांच्या गाठी मुळात मोठ्या होत्या. प्रोटॉन किरणांच्या महागड्या उपचारासाठी कर्ज काढण्याआधी मात्र दुसरं मत घ्या. नेहमीच्या रुग्णाला त्याची गरज क्वचितच पडते.

केमोची औषधं कोणती, आणि त्यांचा त्रास काय?

दोन जोड्या जास्त वापरात आहेत. सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड यांची दोन आवर्तनं, किंवा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन आठवड्यातून एकदा. सिस्प्लॅटिनने उलट्या, किडनीवर ताण, कानात गुंजन. त्याच्याबरोबर भरपूर सलाईन देतात ते किडनीसाठी. पॅक्लिटॅक्सेलने हातापायांना मुंग्या आणि केस जाणं. त्याआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं, त्यामुळे मधुमेहींची साखर दोन दिवस उसळते. तेवढ्यावरून गोळ्या स्वतःच्या मनाने वाढवू नका.

घास गिळताना छातीत जळतं, अडकतं. आता जेवायचं कसं?

हा या उपचारातला सगळ्यात हमखास त्रास. साधारण तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, शेवटच्या आठवड्यात आणि त्यानंतरच्या आठवडाभरात कळस गाठतो, मग दोन ते चार आठवड्यांत उतरतो. ‘उपचार संपले तरी वाढतंय’ म्हणून लोक हवालदिल होतात. ते अपेक्षित आहे.

जेवण मऊ आणि कोमट हवं. गुरगुट्या भात आणि तूप, पातळ मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, नाचणीचं सत्त्व, मऊ शिजवलेलं अंडं, साय घातलेलं दही, शिरा. ठेचा, लोणचं, लिंबू, आंबट ताक, चिवडा, वाफाळता चहा, दारू हे काही दिवस बंद. तीन वेळा भरपेट जेवण्याऐवजी दर दोन तासांनी वाटीभर. झोपताना उशाकडची बाजू उंच.

औषधांत पित्त कमी करणारी गोळी, सुक्राल्फेटचं सिरप, आणि जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं गिळायचं बधिर करणारं जेल असतं. ते घेतल्यावर घसा सुन्न होतो, त्यामुळे खूप गरम काही पिऊ नका, कळणार नाही. तोंडात पांढरे डाग दिसले तर बुरशी असू शकते. तिचं औषध वेगळं आहे आणि ते घेतल्यावर गिळणं चटकन सुधारतं.

दुखणं सहन करत बसू नका. मॉर्फिनचं नाव ऐकलं की घरचे दचकतात, ‘आता शेवट आला का’ विचारतात. इथे ते तीन-चार आठवड्यांसाठी, खाता यावं म्हणून देतात, आणि जळजळ कमी झाली की हळूहळू बंद करतात. दर सोमवारी एकाच काट्यावर वजन करा. ते झपाट्याने उतरत असेल तर नाकातून नळी टाकण्याचा सल्ला मिळेल. ती शिक्षा नाही, महिनाभराची सोय आहे.

गणपतीला दोन दिवस गावी जाऊन येऊ का?

शनिवार-रविवारी जाऊन या, सोमवारी परत या. सुरुवातीचे काही आठवडे झाल्यावर उरलेल्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात, आणि उपचार जितके लांबतात तितकी गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. ब्रिटनमधल्या रेडिएशन डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने तर फुप्फुसाच्या कर्करोगाचे उपचार ठरल्या तारखेपेक्षा दोन दिवसांहून अधिक लांबू नयेत असाच दंडक घातला आहे. यंत्र बिघडलं किंवा सरकारी सुट्टी आली, तर बुडालेला डोस शनिवारी किंवा एखाद्या दिवशी सहा तासांच्या अंतराने दोनदा देऊन भरून काढता येतो. ‘आमचा बुडालेला दिवस कसा भरून काढणार?’ हे विचारणं तुमचा हक्क आहे.

गिळायला त्रास होतो म्हणून रुग्णाने स्वतःहून यायचं बंद केलं, असं फार वेळा घडतं. या, आणि त्रास सांगा. आठवडाभर यायचं थांबवण्यापेक्षा औषध बदलणं सोपं आहे.

ताप आला तर?

१०० पॉइंट ४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला की त्याच वेळी हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतील तर जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरतो, आणि पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर ‘केमो चालू आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या.

रेडिएशन संपून दोन महिने झाले, आता कोरडा खोकला आणि धाप का?

याला रेडिएशन न्यूमोनायटिस म्हणतात, आणि हाच त्रास मला सगळ्यात जास्त धास्ती देतो, कारण तो तेव्हा येतो जेव्हा सगळ्यांना वाटतं की संकट टळलं. बहुतेक वेळा उपचार संपल्यावर महिन्याभराने ते सहा महिन्यांच्या आत. कोरडा खोकला, जिना चढताना नवी धाप, कधी बारीक ताप. ८३६ रुग्णांच्या २०१३ सालच्या विश्लेषणात सुमारे ३० टक्के रुग्णांना त्रास जाणवण्याइतका दाह झाला, त्यातून दगावलेले २ टक्क्यांहून कमी. पासष्टीच्या पुढचे आणि पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन घेतलेले यांना धोका अधिक होता, आणि व्ही-२० वाढला तसा धोकाही वाढला.

सौम्य असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. धाप असेल, ऑक्सिजन खाली जात असेल तर प्रेडनिसोलोन, वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे १ मिलिग्रॅम, आणि मग सहा ते बारा आठवड्यांत हळूहळू कमी. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या अचानक सोडल्या की दाह उलटतो, आणि दुसऱ्यांदा आवरणं जड जातं. घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असू द्या. चालून आल्यावर आकडा नेहमीपेक्षा उतरलेला दिसला तर फोन करा.

गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. घेऊ का?

आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीत डाग दिसला की पहिली शंका तीच येते, आणि ती अगदीच चुकीचीही नसते. पण रेडिएशनचा डाग ओळखता येतो : तो ज्या भागातून किरण गेले त्याच भागात असतो, आणि फुप्फुसाच्या नैसर्गिक कप्प्यांच्या सीमा मानत नाही. म्हणून तुमचा रेडिएशनचा प्लॅन किंवा निदान डिस्चार्ज कार्ड त्या डॉक्टरांना दाखवा, आणि थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी) तपासणी करून मगच ठरवा. दाह आहे असं समजून स्टेरॉइड सुरू केलं आणि आत टीबी लपलेला असला तर तो भडकतो. टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या आणि खरा दाह तसाच राहिला तर फुप्फुस कायमचं आखडतं. दोन्ही बाजूंनी नुकसान आहे.

त्वचा, केस, थकवा?

त्वचा सहसा थोडी काळवंडते, पाठीवरही. साबण सौम्य, तेल-बाम नको. छातीवरचे केस जातात, डोक्याचे रेडिएशनने नाही, केमोने जातात. थकवा मात्र खरा असतो आणि उपचारांनंतर दोन-तीन महिने रेंगाळतो. रोज थोडं चालल्याने तो कमी होतो, अंथरुणात पडून वाढतो. काहींना मान खाली घालताच पाठीतून करंट गेल्यासारखं वाटतं. ते मज्जारज्जूच्या आवरणाच्या तात्पुरत्या बदलामुळे असतं, बहुधा आपोआप जातं, पण सांगायला विसरू नका.

घरात लहान बाळ आहे. बाबांपासून त्याला धोका?

अजिबात नाही. यंत्र बंद झालं की शरीरात किरण उरत नाहीत. नातवाला मांडीवर घ्या.

काढे, हळदीच्या गोळ्या, गव्हांकुर घेतले तर?

स्वयंपाकातली हळद चालेल. त्या सहा आठवड्यांत गोळ्या, चूर्णं, भस्मं नकोत. काही औषधं केमोच्या पचनात ढवळाढवळ करतात, काहींनी यकृत बिघडतं, आणि मग दोष कोणाचा हे कळत नाही. लपवून घेऊ नका, एवढंच.

आता बिडी सोडून काय उपयोग?

उपयोग आहे, आणि या सहा आठवड्यांतच सगळ्यात जास्त. धुरामुळे रक्तातला ऑक्सिजन घटतो, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या गाठीवर किरणांचा परिणाम कमी होतो. अन्ननलिकेची जळजळही वाढते. मिसरी आणि तंबाखूची पुडी यांनाही हाच सल्ला.

उपचार संपल्यावर वर्षभर इंजेक्शन सांगितलंय. तेही फुप्फुसाला त्रास देतं म्हणे?

ते बहुधा ड्युर्व्हाल्युमॅब, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारी इम्युनोथेरपी. पॅसिफिक चाचणीत ते घेतलेल्यांपैकी ४२.९ टक्के पाच वर्षांनी हयात होते, न घेतलेल्यांपैकी ३३.४ टक्के. फुप्फुसाचा दाह थोडा वाढतो, पण गंभीर दाहाचं प्रमाण ३.४ विरुद्ध २.६ टक्के, म्हणजे फार अंतर नाही. किंमत मात्र बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाला उपचार सुरू होतानाच भेटा.

त्याआधी बायोप्सीवर ईजीएफआर या जनुकात बदल झाला आहे का, ही तपासणी झालीच पाहिजे. भारतीय रुग्णांमध्ये, विशेषतः धूम्रपान न करणाऱ्या बायकांमध्ये, हा बदल बराच आढळतो. तो असेल तर ऑसिमर्टिनिब ही गोळी जास्त उपयोगी : २०२४ सालच्या लॉरा चाचणीत गोळी घेतलेल्यांचा आजार न वाढता गेलेला मध्य काळ ३९.१ महिने, न घेतलेल्यांचा ५.६. आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी इम्युनोथेरपी देऊन लगेच ही गोळी सुरू केली तर फुप्फुसाचा गंभीर दाह होण्याची शक्यता वाढते. रिपोर्ट यायला दोन आठवडे लागले तरी त्याची वाट बघा.

सहा महिन्यांच्या स्कॅनमध्ये पांढरा पट्टा दिसतोय. गाठ परत आली का?

बहुतेक वेळा तो भरून आलेल्या जखमेचा वण असतो. पहिले काही महिने दाह, नंतर साधारण वर्षभरात आकसलेला, सरळ कडांचा पट्टा, आणि मग तो तसाच राहतो. पेट स्कॅन (ज्यात जास्त सक्रिय पेशी चमकतात) फार लवकर केला तर दाहसुद्धा चमकतो, म्हणून उपचार संपल्यावर तीन महिन्यांच्या आत तो सहसा करत नाहीत. काळजी वाटते ती पट्टा फुगायला लागला, त्याची सरळ कड बाहेर गोलसर झाली किंवा त्यातल्या हवेच्या रेषा बुजल्या तर. हे जुन्या स्कॅनशी ताडूनच कळतं, त्यामुळे प्रत्येक वेळी सगळ्या जुन्या सीडी घेऊन या. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही.